चांगलं आहे, पण इलस्ट्रेशनच ना!

रेघोटी

माझ्या संगणकावर एक फोल्डर आहे, नाव नुसतंच 'बघायचं'. दहाएक वर्षं जे चित्र नजरेत भरेल ते त्यात टाकत आले. क्रम नाही, वर्गवारी नाही. त्यामुळे जुना डच चित्रकार व्हर्मीर, त्याची दूध ओतणारी बाई झाली की लगेच सायकलची जुनी जाहिरात लागते, आणि रेम्ब्रांटच्या म्हातारपणीच्या चेहऱ्यानंतर रहस्यकथेचं एखादं भडक मुखपृष्ठ.

परवा एका स्नेह्यांना ते दाखवत होते. स्वतः तैलरंगात काम करतात, नजर उत्तम. व्हर्मीरवर रेंगाळले, भिंतीतला खिळा आणि खिळ्याची सावलीसुद्धा त्यांनी मला दाखवली. मग मासिकांची मुखपृष्ठं करणाऱ्या अमेरिकन नॉर्मन रॉकवेलचं एक मुखपृष्ठ आलं. "चांगलं आहे," म्हणाले, "पण इलस्ट्रेशनच ना!" आणि पुढे सरकले.

इलस्ट्रेशन म्हणजे पुस्तका-मासिकांत छापायला काढलेलं चित्र. त्याला लावलेला तो 'च' काही डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

ते चित्र म्हणजे 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाच्या २९ मे १९४३च्या अंकावरची रोझी. भक्कम दंडांची कामगार बाई, अंगात ओव्हरॉल, मांडीवर रिव्हेट ठोकायचं अवजड यंत्र, ते तसंच ठेवून जेवणाच्या सुट्टीत सँडविच खातेय. डब्यावर 'रोझी' लिहिलेलं. पायाखाली हिटलरचं पुस्तक, इतकं सहज की पायपुसणंच वाटावं. मागे झेंड्याचे पट्टे.

आता व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपलच्या छतावरचा मायकेलअँजेलोचा यशया, बायबलमधला संदेष्टा, काढा आणि शेजारी ठेवा. धड एकीकडे, मान दुसरीकडे. एका हाताचं बोट मिटलेल्या पुस्तकात खुणेसाठी अडकवलेलं, दुसरा हात वर उचललेला. रॉकवेलने बैठक तिथूनच घेतली आहे. फक्त त्या उचललेल्या हातात सँडविच दिलं.

यशयाकडे बघताना मी गप्प होते, रोझीकडे बघताना हसते. दोन्ही खरंच होतं. पण दुसरं बघणं कमी प्रतीचं का? तुम्ही दोन्हींकडे वेगळ्या डोळ्यांनी बघता का?

चष्मेवाली

वाचतेय. यशया आणि रोझी शेजारी ठेवून पाहिले, अंगावर काटा आला आणि हसूही. मला हे माहीतच नव्हतं.

तिसरा_ठसा

रेघोटीताई, तो 'च' मी वीस वर्षं रोज खातो. पोटापाण्यासाठी मुखपृष्ठं आणि कथाचित्रं करतो.

तुमच्या स्नेह्यांना एवढंच सांगा. १५०८मध्ये पोप दुसऱ्या ज्युलियसने मायकेलअँजेलोला छत रंगवायला लावलं. तो स्वतःला शिल्पकार समजायचा, या कामाला मनापासून तयार नव्हता. जागा ठरलेली, धर्म ठरलेला, गिऱ्हाईक घाईत आणि रागीट. १५१२ला एकदाचं संपलं. याला आमच्याकडे जॉब म्हणतात. रेम्ब्रांटच्या १६४२च्या 'नाइट वॉच'मध्ये जे पहारेकरी दिसतात, त्यांनीही त्यात दिसण्यासाठी पैसे मोजले होते. पैसे घेतले म्हणून 'च' लागत असेल तर अर्धं संग्रहालय रिकामं करावं लागेल.

पण फरक नाहीच असंही मी म्हणणार नाही. आहे, तो मला हातात जाणवतो. माझ्या चित्राला स्वतःची पूर्ण जागा कधीच मिळत नाही. वर पुस्तकाचं नाव येणार, खाली लेखकाचं, डावीकडे कणा. चित्र काढायच्या आधीच त्याचा तिसरा हिस्सा दुसऱ्याचा झालेला असतो.

एकदा एका प्रकाशनासाठी घोडेस्वार केला. चेहरा पूर्ण सावलीत, उजेड फक्त घोड्याच्या मानेवर आणि लगाम धरलेल्या मुठीवर. रेम्ब्रांटकडे बघून बघून शिकलेली गोष्ट: जे सांगायचं त्यावरच उजेड, बाकीचं अंधाराला देऊन टाकायचं. निरोप आला, "चेहरा दिसत नाही, उजळ करा." केला. चेहरा दिसला आणि चित्रातली रात्र गेली. आता तो स्वार भर दुपारी फोटो काढायला थांबल्यासारखा दिसतो. त्या पुस्तकाची माझ्याकडची प्रत मी कपाटात पालथी ठेवली आहे.

उलटंही झालंय. दुसऱ्या एका पुस्तकाचं नाव एवढं लांबलचक होतं की वरचा जवळजवळ अर्धा भाग मोकळा सोडावा लागला. वैतागून क्षितिज पार खाली ढकललं, माणूस नखाएवढा केला. तोपर्यंत ते एक बरंसं चित्र होतं. आकाश वाढलं आणि तो माणूस एकदम एकटा झाला. मला सुचलं नसतं, त्या लांबड्या नावाने सुचवलं.

उगाच_आपलं

सगळेच गळ्यात गळे घालताहेत, म्हणून काडी टाकतो.

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं बघा. जवळजवळ वीस वर्षं जाहिरातींची आणि मासिकांची चित्रं काढली, आणि त्या कामाचा त्याला मनस्वी कंटाळा होता. १९२४मध्ये जलरंगांचं प्रदर्शन खपलं, त्यानंतर त्याने त्या कामाला रामराम ठोकला. ज्याने दोन्ही केलं त्याचीच साक्ष आहे ही.

दुसरं, इंग्रज चित्रकार मिले. १८८६मध्ये त्याने नातवाचं चित्र काढलं. पोरगा साबणाचे फुगे सोडतोय आणि वर जाणाऱ्या फुग्याकडे मान वर करून बघतोय. फुगा आत्ता आहे, आत्ता फुटणार, असं आयुष्याच्या क्षणभंगुरतेबद्दलचं चित्र. ते हक्कांसकट पिअर्स साबणवाल्यांकडे गेलं आणि त्यांनी त्यात साबणाची वडी घातली. झालं. आता तो मुलगा आयुष्याबियुष्याचा विचार करत नाही, साबण विकतो. चित्रात एक वडी काय आली, अर्थाची माती झाली. मग हेतूने काही फरक पडत नाही असं कसं म्हणता?

आणि पैसा कुणी दिला हा माझा मुद्दाच नाही. चित्र दुसऱ्यांदा बघावंसं वाटतं का, हा आहे. जाहिरातीचं चित्र पहिल्या नजरेत सगळं ओकून मोकळं व्हावं म्हणूनच बांधलेलं असतं. रोझीचा विनोद कळला, हसलात, संपलं. व्हर्मीरची बाई साडेतीनशे वर्षं दूध ओतते आहे आणि अजून भांडं भरलेलं नाही.

रेघोटी

भांडं अजून भरलेलं नाही, हे तुम्ही इतकं सुंदर लिहिलंत की भांडणाचा मूडच गेला. तरी प्रयत्न करते.

मिलेचा दाखला बिनतोड आहे. पण तो नक्की कशाचा आहे? वडी मिलेने काढलेली नाही. पूर्ण झालेल्या चित्रात बाहेरून आणून चिकटवली म्हणून ती खुपते. रॉकवेलचं तसं नाही, त्याचं चित्र पहिल्या रेघेपासून मुखपृष्ठ म्हणूनच जन्माला येतं.

दुसऱ्यांदा बघण्याबद्दल बोलायचं तर त्याचंच १९६०चं 'ट्रिपल सेल्फ पोर्ट्रेट' घ्या. पाठमोरा रॉकवेल स्टुलावर बसून आरशात वाकून बघतोय आणि समोरच्या कॅनव्हासवर स्वतःला काढतोय. पहिल्या नजरेत गंमत एवढीच, की तीन रॉकवेल आहेत.

दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा दिसलं की आरशातल्या माणसाच्या चष्म्यावर तिरीप आली आहे, त्याचे डोळेच दिसत नाहीत. आणि कॅनव्हासवरच्या चेहऱ्याला चष्माच नाही. म्हणजे ज्या डोळ्यांनी बघून तो काढतोय ते त्याला दिसत नाहीत, आणि जे काढलेत ते समोर नाहीत. शिवाय कॅनव्हासवरचा गृहस्थ जरा तरुण आणि रुबाबदार झालाय!

तिसऱ्यांदा कॅनव्हासच्या उजव्या कडेला टाचलेली चार छोटी चित्रं दिसली. ड्यूरर, रेम्ब्रांट, पिकासो, व्हॅन गॉग. चौघांची आत्मचित्रं. मुखपृष्ठ करणारा माणूस काम करताना कुणाला डोळ्यांसमोर ठेवतो ते त्याने टाचण्या मारून सांगितलंय. आणि डाव्या कडेला? स्वतःचीच कच्ची रेखाटनं.

हे मला पहिल्या नजरेत दिसलं नव्हतं, तुम्हाला दिसलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार.

उगाच_आपलं

चष्म्याचं मान्य. चित्र काढून पाहिलं. गुण दिले. पण शंभरात एक. बाकीची नव्व्याण्णव मुखपृष्ठं?

तिसरा_ठसा

बाकीची नव्व्याण्णव टाकाऊ, त्यातली काही माझी. पण तैलचित्रांतली नव्व्याण्णव कुठे आहेत, कधी विचार केलात? ती तळघरात आहेत. संग्रहालय तुम्हाला फक्त चाळून उरलेलं दाखवतं, आणि मासिक दर आठवड्याला सगळंच्या सगळं समोर टाकतं. त्यामुळे तुम्ही यांचं शिखर घेता, आमची सरासरी घेता, आणि उंची मोजता.

कोरा_कागद

दुसऱ्यांदा बघण्याबद्दल थोडं वेगळं म्हणायचंय. किती वेळा बघतो, तसंच कुठून आणि कसं बघतो हेही विचारायला हवं. व्हर्मीरसमोर आपण थांबतो. पोस्टरसमोरून आपण जात असतो. चालत्या माणसाला थांबवायचं ही अट घेऊन काढलेलं चित्र थांबलेल्या माणसाच्या मापाने मोजलं की ते भडक आणि उथळ दिसणारच.

फ्रेंच चित्रकार तूलूझ-लोत्रेकचं १८९१चं, पॅरिसच्या मूलाँ रूझ या नाचघराचं पोस्टर बघा. मधे नाचणारी बाई, पुढे राखाडी सावलीसारखा लांब नाकाचा माणूस, मागे प्रेक्षकांची नुसती काळी पट्टी. आणि त्या बाईचा पांढराशुभ्र घागरा? तो रंगवलेलाच नाही. चार रेघा मारून कोरा कागद तसाच सोडलाय. सगळ्यात उजळ आणि सगळ्यात हलती जागा म्हणजे जिथे छापलंच नाही ती. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, म्हणून जितकं कमी तितकं बरं; त्या काटकसरीतून हे आलं. (माझं आयडीनाम यावरूनच आहे, कधीपासून सांगायचं होतं.)

आणि चित्रकार आल्फॉन्स मुखाचा उलटा किस्सा. १ जानेवारी १८९५ला पॅरिसच्या भिंतींवर त्याचं सारा बर्नहार्टच्या नाटकाचं पोस्टर लागलं. दोन मीटरपेक्षा उंच, अरुंद, हातात झावळी घेतलेली बाई आणि डोक्यामागे नटीचं नाव प्रभावळीसारखं कमानीत लिहिलेलं. म्हणजे मजकुरासाठी जागा सोडायची कटकटच त्याने देवत्वाच्या कामी लावली! एका पोस्टरवर माणूस रातोरात प्रसिद्ध झाला, बाईंनी सहा वर्षांचा करार केला. पण त्याला स्वतःला वाटायचं, आपलं खरं काम म्हणजे स्लाव लोकांच्या इतिहासावरची ती वीस अवाढव्य चित्रं. त्यातली मोठी सहा बाय आठ मीटरच्या घरातली. १९२८मध्ये ती त्याने प्राग शहराला दिली. आज मुखा म्हटलं की किती जणांना ती आठवतात? मी दोन्ही पाहिलीत, छापील पुनर्मुद्रणातच. त्या अवाढव्य चित्रांपुढे मान झुकते. पण डोळा पोस्टरकडेच जातो.

उगाच_आपलं

म्हणजे चित्रकाराचंही ऐकायचं नाही? मघाशी मी हॉपर काढला तेव्हा गप्प होतात सगळे.

कोरा_कागद

हॉपरचं ऐकायचं, मुखाचंही ऐकायचं, आणि मग आपल्या डोळ्यांनी बघायचं. हॉपरला ते काम आवडत नव्हतं आणि त्या चित्रांत ते दिसतं. मुखाला पोस्टर कमी वाटत होतं, पण पोस्टरमध्ये ते दिसत नाही. काय करणार?

चष्मेवाली

राजा रविवर्मा कुणीच काढला नाही अजून? दरबारांसाठी तैलचित्रं करणाऱ्या माणसाने १८९४मध्ये स्वतःचा छापखाना काढला, तीच चित्रं दगडावर चढवली आणि घराघरात पोचवली. त्याला तर दोन्हीकडून बोलणी बसली. छापलं म्हणून कलावंत कमी, आणि छापील चित्रांतली लक्ष्मी-सरस्वती इतकी डोळ्यांत बसली की आता मूळ चित्र पाहिलं तरी कॅलेंडर वाटतं. हा दोष चित्राचा की आपल्या डोळ्यांचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

निळी_शाई

उशिरा आले धाग्यावर. छापील चित्र हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

'मूळ चित्र आणि त्याची छपाई' ही जोडी सगळीकडे लागू होत नाही. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रचंड लाट, १८३१च्या आसपासची, तिचं मूळ चित्र नाहीच. पातळ कागदावरचं रेखाटन लाकडी ठशावर उलटं चिकटवायचं आणि कोरणारा ते कोरून काढायचा. कोरताना रेखाटन गेलं. मग प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, छापणारा वेगळा, आणि या सगळ्यांना कामाला लावणारा, विकणारा प्रकाशक वेगळा. होकुसाई त्या साखळीतली पहिली कडी. ती धंद्याची छपाई होती, विकायला काढलेली. आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती काचेमागे आहे आणि कुणी 'च' लावत नाही. लावायचा झालाच तर कुठे लावणार? मूळ कुठे आहे?

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. एका जुन्या रद्दीत एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकाचं एक सुटं पान मिळालं. बंदरावरच्या गर्दीचं चित्र, इंचभर जागेत दहा टोप्या. चित्राच्या मधोमध, आकाशापासून जमिनीपर्यंत, केसाएवढी पांढरी रेघ होती. मला वाटलं घडी पडलीय. पान उलटून पाहिलं, घडी नव्हतीच. बऱ्याच दिवसांनी कळलं की तो सांधा आहे. त्या कोरीव ठशांना बॉक्सवूडचं लाकूड लागायचं, ते झाड लहान, म्हणून छोटे ठोकळे बोल्टने जोडून मोठा ठसा करायचे. बातमी ताजी हवी, म्हणून चित्र काढून झालं की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे. एकाच गर्दीतली डावी माणसं एकाने कोरली, उजवी दुसऱ्याने. पुन्हा जोडताना एवढीशी फट राहिली तर ती छपाईत पांढरी उमटायची. त्यानंतर त्या पानाकडे बघताना मला डावीकडच्या टोप्यांच्या रेघा जरा तिरक्या, घाईतल्या वाटू लागल्या. कदाचित उगाच. पण बघितल्या, एकेक टोपी.

आता या साप्ताहिकांचा सगळ्यात मोठा भक्त कोण होता सांगू? व्हॅन गॉग. हेगमध्ये राहत होता तेव्हा, १८८२-८३च्या सुमारास, हातात पैसा नसताना त्याने लंडनच्या 'द ग्राफिक'चे जुने बांधीव खंड विकत घेतले, दहा वर्षांचे अंक. चित्रं कापून, पुठ्ठ्यावर लावून, गठ्ठे करून ठेवायचा. भावाला आणि चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रांत या चित्रकारांबद्दल पानंच्या पानं आहेत. साप्ताहिकांची चित्रं काढणारी ही माणसं, आणि हा त्यांच्याकडून शिकत होता. रेघोटी, तुझ्यासारखाच फोल्डर होता त्याचा!

त्यात ल्यूक फिल्ड्सचं एक चित्र होतं. १८७०मध्ये डिकन्स वारला. त्याच्या शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीची चित्रं फिल्ड्स करत होता. त्याने डिकन्सची अभ्यासिका काढली: टेबल, खिडकी, आणि टेबलापासून जरा मागे सरकवलेली खुर्ची. माणूस नाही. 'ग्राफिक'च्या नाताळ अंकात छापून आलं. व्हॅन गॉगने पत्रात या रिकाम्या खुर्चीबद्दल लिहिलं आहे.

१८८८मध्ये त्याने स्वतःची पिवळी खुर्ची काढली आणि चित्रकार मित्र गोगँची आरामखुर्ची काढली. दोन्ही रिकाम्या. नुसत्या त्या साप्ताहिकातल्या चित्रामुळे काढल्या असं मी म्हणत नाही. पण ते चित्र त्याच्या गठ्ठ्यात होतं.

तिसरा_ठसा

निळीताई, आजचा दिवस सार्थकी लागला. आणि १८९०मधले ते गोल गोल चालणारे कैदी? तेही ग्युस्ताव्ह दोरेच्या लंडनवरच्या पुस्तकातल्या छापील चित्रावरूनच ना?

निळी_शाई

हो, लंडनच्या न्यूगेट तुरुंगाचं आवार, १८७२चं पुस्तक. व्हॅन गॉग तेव्हा सँ-रेमीच्या इस्पितळात होता. समोर काळं-पांढरं छापील चित्र, त्याने त्यावरून तैलरंगात केलं. दोरेच्या चित्रात भिंती आहेत. व्हॅन गॉगच्या चित्रात त्या निळ्या-हिरव्या होऊन वर चढत जातात, आकाश दिसतच नाही. दोन्ही शेजारी ठेवून बघ. दोरे अजिबात हरत नाही.

उगाच_आपलं

फिल्ड्सची खुर्ची शोधून पाहिली. मग पिवळी खुर्ची पाहिली. पिवळीच्या बसायच्या जागेवर पाइप आणि तंबाखू आहे, मागच्या खोक्यात मोड आलेले कांदे, खोक्यावर 'व्हिन्सेंट' अशी सही. ती खुर्ची जिवंत माणसाची आहे, जरा उठून गेलाय, येईल. फिल्ड्सच्या खुर्चीत मात्र कुणी येणार नाही. विशेष म्हणजे हे मला पिवळीकडे बघून परत फिल्ड्सकडे गेल्यावर कळलं. एकटीला पाहिली तेव्हा नुसतं फर्निचर होतं.

दुसऱ्यांदा बघितलं एवढं मान्य करतो. यापुढे अजून काही कबूल करून घेऊ नका.

रेघोटी

नाही घेत!

दोन्ही खुर्च्या फोल्डरमध्ये गेल्या. स्नेही रविवारी येणार आहेत, तेव्हा कुठली कुणाची ते सांगणार नाहीये.

चष्मेवाली

सोमवारी इथे कळव. आणि ते कांदे त्यांना दिसतात का तेही बघ, मला चौथ्यांदा दिसले.